अद्भुताचें देणें

कादंबरी हें नांव आमच्या भाषेंत ज्या ग्रंथावरून रूढ झालें, तो बाणभट्टाचा ग्रंथच मुळीं अद्भुताचा आहे. त्यांत पोपट आपल्या पूर्वजन्माची हकीकत सांगतो, चंद्र शाप देतो आणि भोगतोहि, व मेलेला राजपुत्र प्रेयसीच्या आलिंगनानें पुन्हां जागा होतो. असें असतां, ज्या जातीच्या कथेनें सगळ्या कादंबरी-वाङ्मयाला नांव दिलें, तिच्याविषयीं मराठी टीकाकारांनीं दाखविलेली उदासीनता नवल वाटण्याजोगी आहे. सामाजिक कादंबरीवर ग्रंथच्या ग्रंथ झाले. ऐतिहासिक कादंबरीचे गुणदोष पुन्हां पुन्हां पारखले गेले. अद्भुत कादंबरी मात्र ‘पोरांचें वाचन’ म्हणून ओसरीवरच राहिली. ओसरीवरच्या पाहुण्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं, तशीच तिचीहि झाली नाहीं.

ही विचारपूस आज करण्यास एक कारण आहे. छपाई पूर्वीपेक्षां सोपी झाल्यामुळें पंचविशींच्या आंतला लेखक आपल्याच वयाच्या वाचकांसाठीं अद्भुत राज्यें, मंत्रलेले खड्ग आणि हरवलेले राजपुत्र ह्यांची कथा लिहितो व पदरच्या पैशांनीं ती छापून काढतो. पुण्या-मुंबईचा प्रकाशक गांठण्याचें त्याला कारण उरलेलें नाहीं. बीडसारख्या जिल्ह्यांतील तरुणालाहि हा मार्ग मोकळा आहे. अशा पुस्तकाचें घरांत कौतुक होतें, घराबाहेर उपेक्षा होते. परीक्षण मात्र दोन्हीं ठिकाणीं होत नाहीं. ह्या जातीच्या पुस्तकांत बळ कोठें असतें व दुबळेपणा कोठें शिरतो, हें समजून घ्यावयाचें असेल, तर ती जात मराठींत प्रथम जन्मली त्या काळाकडे वळणें आम्हांस सोयीचें वाटतें.

तो काळ १८६० नंतरच्या दशकाचा. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें होतें; त्यांत विधवांच्या दुःस्थितीचें चित्र होतें व लेखकाचा हेतु उघड उपदेशाचा होता. त्यानंतर १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ व १८६६ त त्यांचीच ‘रत्नप्रभा’ बाहेर पडली. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. ह्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हातीं घेतलेलें व पुढें त्यांच्या चिरंजीवांनीं चालू ठेवलेलें अरबी कथांचें भाषांतरहि लोकांच्या हातीं येऊं लागलें होतें. संस्कृतांतील बाण आणि अरबस्तानची शहरजाद अशा दोन दायांनीं मिळून ह्या बाळाला न्हाऊंमाखूं घातलें, असें म्हटलें तरी चालेल.

त्या वेळीं प्रकाशनाचा धंदा स्वतंत्रपणें नीट उभा राहिला नव्हता. छापखाने होते, परंतु लेखकाच्या वतीनें पैसा घालणारा, मजकूर तपासणारा आणि पुस्तक गांवोगांव पोंचविणारा माणूस विरळा. ज्याला दक्षिणा प्राइझ कमिटीसारखा आश्रय मिळे तो सुदैवी. इतरांनीं आगाऊ वर्गणीदार जमवावे किंवा स्वतःचा पैसा गुंतवावा. म्हणजे आज ज्याला आपण स्वयंप्रकाशन म्हणतों, तो त्या पिढीचा नेहमींचाच रिवाज होता. वाचकहि बहुतेक नवाच: इंग्रजी अंमलांतील शाळांतून नुकताच अक्षरओळख करून निघालेला, वयानें कोवळा आणि गोष्टीचा भुकेला. तरुणांसाठीं, अद्भुत आणि पुष्कळदा पदरमोड करून छापलेलें, हीं तिन्ही लक्षणें एकत्र पाहावयाचीं असतील, तर हें दशक सोडून दूर जाण्याचें प्रयोजन नाहीं.

ह्या कादंबऱ्यांचे गुण प्रथम सांगूं. कारण त्यांची थट्टा करण्याची चाल इतकी पडली आहे कीं, गुण सांगणारा पक्षपाती ठरतो.

पहिला गुण असा कीं, त्यांनीं मराठी गद्याला वाचकाचा हात धरून ठेवावयास शिकविलें. तत्पूर्वीचें छापील गद्य बहुतांशीं शाळेच्या फळ्यावरचें: भूगोल, नीतिपाठ, व्याकरण, चरित्रें. वाचक तें वाची, कारण गुरुजी वाचावयास लावीत. ‘मुक्तामाला’ त्यानें वाचली ती पुढें काय झालें हें कळावें म्हणून. ह्या उत्कंठेचें मोल हलकें समजूं नये. जी भाषा वाचकाला रात्रीं दिवा मालवूं देत नाहीं, तीच पुढें त्याला विचार करावयास लावूं शकते. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ साठीं १८९० नंतर ‘करमणूक’ पत्राची वाट पाहणारा वाचक आकाशांतून पडला नव्हता; आधींच्या तीस वर्षांत ह्या राजेरजवाड्यांच्या कथांनीं त्याला वाट पाहण्याची संवय लाविली होती.

दुसरा गुण कल्पनेच्या धैर्याचा. ‘मंजुघोषें’त विमान येतें. राइट बंधूंचें यंत्र १९०३ सालीं हवेंत चढलें. त्याच्या पस्तीस वर्षें आधीं एक मराठी लेखक आपल्या वसंतमाधवाला आकाशमार्ग मोकळा करून देतो. ह्यावरून रिसबुडांना शास्त्रज्ञ ठरविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पुष्पकाची कथा त्यांच्या पाठीशीं होतीच. परंतु पुराणांतील देवांचें वाहन काढून तें लौकिक नायकाच्या स्वाधीन करणें, हें धैर्य लहान नव्हे. ह्याच दशकांत, १८६५ सालीं, फ्रान्समध्यें ज्यूल व्हर्न तोफेंतून माणसें चंद्राकडे धाडीत होता. आमच्याकडे तोफेचें गणित नव्हतें, पण उड्डाणाची हौस होती.

तिसरा गुण निर्मळपणाचा. ह्या लेखकांना वाचकाला सुख द्यावयाचें होतें आणि तें देण्यांत त्यांना लाज वाटत नव्हती. तरुण लेखकाच्या पहिल्या पुस्तकांत आजहि हा गुण आढळतो. तो पुढें जातो, आणि गेला कीं परत येत नाहीं.

आतां दोषांकडे वळूं. ते मोजावयाचे तर पुष्कळ निघतील: प्रत्येक स्त्री अप्सरेसारखी, प्रत्येक मंत्री कपटी, अरण्यांत वाट चुकलेला माणूस नेमका आपल्याच हरवलेल्या नातलगाच्या झोपडीशीं येतो, वर्णनांत कमळें आणि चक्रवाक ह्यांची इतकी दाटी कीं, ज्या देशांत कथा घडते त्याचें हवापाणी कसें, हें कळूं नये. परंतु हे सगळे दोष म्हणजे फांद्या होत. मूळ कोठें आहे, तें रिसबुडांनीं आपल्या प्रस्तावनेंत स्वतःच दाखवून ठेविलें आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आम्हां हिंदूंच्या लग्नादि चालीरीतींमुळें आमच्या आयुष्यांत मन वेधून घेण्याजोगे गुण नाहींत आणि दुर्गुणहि नाहींत. रोजचा अनुभव लिहावा तर त्यांत गोडी नाहीं. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहूं इच्छिणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणें भागच पडतें.

इतकी प्रांजळ प्रस्तावना मराठींत थोडी सांपडेल. आणि इतकी घातकहि. हिच्यांत अद्भुत हें जीवनाच्या अभावीं घ्यावयाचें अनुपान ठरतें. घरांत कांहीं नाहीं म्हणून बाहेर जावयाचें, आणि बाहेर गेल्यावर घर विसरावयाचें. ज्यानें अद्भुताकडे ह्या वाटेनें पाऊल टाकिलें, त्याच्या कथेंत विमान उडेल, पण कोणी आईबापांना सोडून निघाल्याची हुरहूर तिच्यांत उमटणार नाहीं; राक्षस येईल, पण भय येणार नाहीं. काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनीं १८७२ सालीं ‘नावल व नाटक’ ह्यांविषयींच्या निबंधांत ह्या कादंबऱ्यांच्या अस्वाभाविकपणावर कोरडे ओढले. मराठींतील कादंबरीविषयींचा हा पहिल्या महत्त्वाच्या विचारांपैकीं एक होय, आणि त्यांचा रोख बरोबर होता. तथापि त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. अद्भुत हेंच खोटें, असें त्यांनीं धरिलें. वास्तविक खोटें होतें तें फुकटचें अद्भुत.

फुकटचें म्हणजे काय, हें सांगण्यासाठीं आम्ही आमच्याच जिल्ह्यांतील एक कथा घेतों. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणस्थांतील कित्येक घराण्यांची कुलदेवता. तेव्हां ही कथा पुष्कळ वाचकांच्या घरीं आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. तिचे पाठ निरनिराळे आहेत, पण गाभा एकच. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशीं ठरला. वऱ्हाड निघालें. वाटेंत वेळ गेला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचें जागच्या जागीं पाषाण झालें. देवी अंबाजोगाईलाच राहिली, ती कुमारीच. गांवच्या लेण्यांत जे दगडी हत्ती आहेत, ज्यांवरून लोक त्या जागेला हत्तीखाना म्हणतात, ते त्या वऱ्हाडाचेच हत्ती, असें भाविक सांगतात.

इतिहासदृष्ट्या ह्या लेण्यांचा विचार निराळा करावा लागेल, हें उघड आहे. कथा म्हणून मात्र तिच्याकडे पाहावें. तिच्यांत एकच चमत्कार आहे: माणसें दगड होतात. पण तो चमत्कार कशानें घडतो? एका नियमानें: लग्नाची घटका एकदांच येते. देवतेलाहि हा नियम चुकत नाहीं. आणि त्याची किंमत कोण देतें? स्वतः देवीच देते, आणि ती कायमची देते. कथा सांगणाऱ्या बाईनें ना कमळाचें वर्णन केलें, ना चक्रवाकाचें. तरी ऐकणाऱ्या मुलीच्या मनांत अंगणांत मांडलेला चौरंग आणि रिकामा मांडव उभा राहतो. कारण उशीर झालेलें वऱ्हाड, मोडलेलें लग्न आणि घरीं राहिलेली मुलगी ह्या गोष्टी तिच्या ओळखीच्या आहेत. रिसबुडांना ज्या चालीरीतींत कांहीं सुरस दिसलें नाहीं, त्याच लग्नाच्या चालींतून अंबाजोगाईच्या निरक्षर कथाकारानें हें अद्भुत काढलें. येथें अद्भुत रोजच्या जीवनापासून पळून गेलेलें नाहीं. त्याच्या पोटांत शिरलेलें आहे.

हाच न्याय मोठ्या ग्रंथांना लावून पाहावा. बाणाच्या कादंबरींत महाश्वेता पोंचते तेव्हां पुंडरीकाचा प्राण गेलेला असतो. तेथेंहि उशीर आहे, आणि त्या उशिराचें देणें तिला वनांत तप करून फेडावें लागतें. काशीच्या देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ सालीं निघाली. तिच्यांतील तिलिस्म वाटेल त्याला फुटत नाहीं, ज्याच्या नांवें तें बांधलें त्यालाच फुटतें. तिच्यांतील ऐयारांच्या युक्त्या कितीहि अचाट असोत, त्या त्यांच्या विद्येच्या कक्षेंतल्या असतात. म्हणून हजारो वाचक तिच्या नादीं लागले. तिच्यासाठीं पुष्कळांनीं हिंदी वाचावयास शिकून घेतलें, अशी ख्याति आहे. मराठींत नाथमाधवांचा ‘वीरधवल’ १९१३ सालीं आला व पुढच्या कित्येक पिढ्यांतील मुलांनीं तो अंथरुणांत लपवून वाचला. तोहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. परंतु त्यांतील साहसाला कष्टाचा वास आहे. सिंहगडाच्या परिसरांत कड्यावरून पडून अपंग झालेल्या लेखकानें तो लिहिला, हें वाचकाला ठाऊक नसतांहि जाणवावें, इतका.

अद्भुत कादंबरीच्या गुणदोषांचा हा आमचा मुख्य निकष. चमत्कार किती मोठा, हें विचारूं नये. त्याचें देणें कोणी फेडलें, हें विचारावें.

आतां राहिला प्रश्न स्वतःच्या खर्चानें पुस्तक काढण्याचा. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आमच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणाचा विषय त्या महापुरुषानें एका लांबलचक वस्त्रावर लिहून ठेविला. कागद आणि बांधणी ह्यांच्याकरितां त्यांनीं कोणाची अनुज्ञा मागितली नाहीं. विलायतेंत ‘अ‍ॅलिस’ची अद्भुत कथा १८६५ सालीं, म्हणजे आमच्या ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ ह्यांच्या मधल्या काळांत, मॅकमिलन कंपनीनें काढली खरी, पण खर्चाचा भार लेखकानेंच सोसला होता. हा लेखक ऑक्सफर्डचा गणिताचा अध्यापक. चित्रकार टेनिएल ह्यानें छपाई वाईट झाल्याची तक्रार करतांच त्यानें छापलेल्या दोन हजार प्रती मागें घेतल्या आणि पुस्तक नव्यानें छापविलें. खत्रींनीं १८९८ सालीं लहरी प्रेस हा स्वतःचा छापखानाच घातला. अगदीं अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतील ख्रिस्तोफर पाओलिनीचें. त्यानें विशींच्या आंत लिहिलेली ‘एरागॉन’ ही ड्रॅगनची कथा त्याच्या कुटुंबानें २००२ सालीं स्वतः छापली; मुलगा जुन्या काळचा पोशाख चढवून शाळाशाळांतून ती विकीत हिंडला; २००३ सालीं क्नॉफ ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेनें काटछांट करून ती पुन्हां काढली आणि ती जगभर गेली.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. पैसा स्वतःचा असल्यानें पुस्तक बिघडत नाहीं. नजर केवळ स्वतःची असल्यानें बिघडतें. ऑक्सफर्डच्या गणितज्ञानें खर्च सोसला, पण चित्रकाराची नजर मानिली व त्यापायीं दोन हजार प्रतींचें नुकसान पत्करिलें. पाओलिनीच्या पुस्तकाला दुसऱ्याची कात्री लागली. ती लागूनहि टीकाकारांनीं त्यांत टोल्किनची छाया आणि ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटाचा सांगाडा ओळखलाच. तरुण लेखकाचें पहिलें पुस्तक त्याच्या वाचनाच्या हाडांवर उभें असतें, हें स्वाभाविक आहे. आमच्याकडे दातारशास्त्र्यांनीं रेनॉल्ड्सच्या कथांना उघडपणें मराठी वेष दिला आणि वाचकांनीं तो आवडीनें पाहिला. उसन्या सांगाड्यावर मांस आपलें चढलें तर कोणाची तक्रार नसते. सांगाडा उसना आणि मांसहि उसनें, असें झालें म्हणजे वाचक पहिल्या प्रकरणांतच शेवट ओळखतो. प्रकाशकाकडचा संपादक पुष्कळदा जाचक असतो. पण लेखकाला ‘हें मी पूर्वी कोठें वाचलें?’ असें विचारणारा तोच पहिला असतो. ज्याला प्रकाशक नको, त्यानें निदान असा एक निष्ठुर मित्र अवश्य जोडावा.

मराठवाड्याच्या बाबतींत ह्या विचाराला निराळी धार आहे. ‘मंजुघोषा’ निघाली तेव्हां बीड निजामाच्या राज्यांत होतें. कारभार फारसींत चाले, १८८४ नंतर उर्दूंत. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठहि उर्दू माध्यमाचें. अंबाजोगाईस योगेश्वरीच्या नांवानें १९१७ सालीं निघालेल्या शाळेसारखे प्रयत्न झाले, त्यांच्या आधारानें मराठी विद्या येथें तग धरून राहिली. ज्या प्रदेशांत मुकुंदराजाची समाधि आहे, त्या प्रदेशाला छापील मराठी कादंबरी दुरून, उशिरां आणि थोडी मिळाली. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता गेली. १९५६ त हा भाग मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. तेव्हां येथला तरुण आज कथा लिहितो, ह्याचाच आनंद आम्हांस अधिक आहे. परंतु तो बर्फाच्छादित शिखरें, ओकवृक्षांचीं रानें आणि परभाषेंतील नांवांचे सरदार घेऊन बसला, तर दीडशें वर्षांपूर्वींची रिसबुडांची प्रस्तावनाच तो न वाचतां पुन्हां लिहीत आहे, असें म्हणावें लागेल. माझ्या भोंवतीं लिहिण्याजोगें कांहीं नाहीं, हेंच तिचें सार.

भोंवतीं काय आहे, तें पाहावें. दरवर्षीं पाऊसकाळ सरला कीं ह्या जिल्ह्यांतील माणसें उसाच्या तोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे माणसाचें हत्यार झालें, हा चमत्कार भाषेनें आधींच करून ठेविला आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची. फिटली नाहीं तर ती पुढच्या सालाच्या मानेवर बसते. कारखान्याच्या आसऱ्याला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम सरतांच तें गांवचें गांव नाहींसें होतें. आईबापांबरोबर गेलेलें मूल अर्धें वर्ष शाळेच्या पटावर नांवानेंच असतें. उचल म्हणजे काय हें जाणणाऱ्या मुलाला, जादूचें खड्ग फुकट मिळालें, ह्यावर विश्वास ठेवावयास सांगणें म्हणजे त्याच्या शहाणपणाचा अपमान होय. उलट, प्रत्येक वर ही एक उचल आहे आणि ती कोणाला तरी फेडावी लागते, असा नियम असलेलें राज्य त्याला दाखवा. तें तो एका क्षणांत ओळखील, मग त्यांत राक्षस असोत कीं विमानें.

केवळ दुःखच लिहावें, असा ह्याचा अर्थ कोणी घेऊं नये. तरुण वाचकाला सुख हवें आहे, पळून जाण्याची खिडकीहि हवी आहे. हळब्या-रिसबुडांनीं ती उघडली म्हणून आम्ही त्यांचे ऋणी आहों. खिडकीबाहेर दिसणारा देश आपल्याच मातीचा असावा, इतकेंच मागणें आहे. सुशिक्षित घरांनीं अशा स्वखर्चाच्या पुस्तकाकडे पाहतांना दोन गोष्टी टाळाव्या: आपल्या माणसाचें म्हणून त्याचें आंधळें कौतुक, आणि छापखान्याच्या कागदावरून त्याची उपेक्षा. मराठ्यांनीं १८७२ सालीं जें कडक परीक्षण केलें तें आपुलकीनें करतां येतें. मुलानें पुस्तक हातांत ठेविलें तर तें शेवटपर्यंत वाचावें आणि मग त्याला विचारावें कीं, बाबा रे, तुझ्या राजपुत्राला हें सामर्थ्य मिळालें खरें. पण त्याच्यासाठीं कोणाचें वऱ्हाड वाटेंत दगड झालें? ह्याचें उत्तर त्याच्यापाशीं असेल, तर भाषेच्या चुका, छपाईचे दोष आणि उसनीं हाडें हीं सर्व पुढच्या आवृत्तींत दुरुस्त होण्याजोगीं आहेत.